अल्प किमतीच्या ऑनलाइन खरेदीतील तक्रार निवारण

अल्प किमतीच्या ऑनलाइन खरेदीतील तक्रार निवारण म्हणजे आंतरजालावरून विकत घेतलेल्या कमी किमतीच्या वस्तूविषयी ग्राहकाने केलेली तक्रार स्वीकारणे, तिची पडताळणी करणे आणि तिच्यावर योग्य उपाय करणे ही प्रक्रिया होय. मोबाइलचे कव्हर, चार्जिंग केबल, कानातले, स्वयंपाकघरातील लहानसहान उपकरणे, खेळणी, कपडे अशा वस्तू या प्रकारात मोडतात. वस्तू न मिळणे, चुकीची मिळणे, तुटलेली मिळणे, वर्णनाप्रमाणे नसणे किंवा थोड्याच दिवसांत बंद पडणे ही तक्रारींची नेहमीची कारणे आहेत. भारतात अशा तक्रारींना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे प्रामुख्याने लागू होतात. वस्तूची किंमत कितीही कमी असली, तरी ग्राहकाचे कायदेशीर हक्क त्यामुळे कमी होत नाहीत. प्रत्यक्षात मात्र तक्रारीचा पाठपुरावा करण्यासाठी लागणारा वेळ व खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा अधिक होत असल्याने या तक्रारींचे निवारण हा ग्राहक संरक्षणातील एक स्वतंत्र प्रश्न ठरतो.

व्याप्ती व संज्ञा

ऑनलाइन विक्रीत सामान्यतः चार पक्ष असतात : ग्राहक, विक्रेता, विक्रीचा मंच (संकेतस्थळ किंवा अ‍ॅप) आणि वस्तू पोहोचवणारी कुरिअर सेवा. पैसे ऑनलाइन भरले असल्यास बँक किंवा देयक सेवा हा पाचवा पक्ष असतो. वस्तू सदोष निघाल्यास यांपैकी नेमके कोण जबाबदार, हे ग्राहकाला बहुधा स्पष्ट नसते. त्यामुळे तक्रार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे टोलवली जाण्याची शक्यता राहते.

भारतीय नियमांनी विक्री मंचांचे दोन प्रकार मानले आहेत. ज्या मंचावर इतर विक्रेते आपला माल विकतात, तो बाजारपेठ प्रकारचा मंच होय. जो मंच स्वतःच्या मालकीचा साठा थेट ग्राहकाला विकतो, तो साठा-आधारित मंच होय. थेट परकीय गुंतवणुकीच्या धोरणानुसार साठा-आधारित ई-वाणिज्यात परकीय गुंतवणुकीला परवानगी नाही. त्यामुळे परकीय भांडवल असलेले मोठे मंच बाजारपेठ प्रकाराने चालतात आणि त्यांवरील पावती मंचाच्या नावाने नव्हे, तर विक्रेत्याच्या नावाने निघते. तक्रार करताना पावतीवरील विक्रेत्याचे नाव व पत्ता पाहणे यासाठी महत्त्वाचे असते.

एखाद्या व्यक्तीने व्यवसाय म्हणून नव्हे, तर खासगीरीत्या आपली जुनी वस्तू विकल्यास ई-वाणिज्य नियम लागू होत नाहीत. समाजमाध्यमांवरून नियमितपणे माल विकणारी व्यक्ती मात्र व्यावसायिक विक्रेता ठरते.

अल्प किमतीमुळे निर्माण होणारे वेगळेपण

महाग वस्तूच्या तक्रारीत वस्तू परत घेऊन तपासणे दोन्ही पक्षांना परवडते. स्वस्त वस्तूच्या बाबतीत वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळपास जातो आणि हिशेब बदलतो. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एक वस्तू २०० रुपयांना विकली गेली. विक्रेत्याची खरेदी १०० रुपये, वेष्टन १० रुपये, पोहोचवण्याचा खर्च ५० रुपये आणि मंचाचे कमिशन २० रुपये धरल्यास त्याच्याकडे २० रुपये नफा उरतो. वस्तू परत आणण्यासाठी ६० रुपये लागतात आणि पैसे परत केल्यास मंच कमिशन घेत नाही, असे गृहीत धरले तर पुढील पर्याय उरतात :

* वस्तू परत आली, ती पुन्हा विकता येण्याजोगी आहे आणि पूर्ण पैसे परत केले : तोटा १२० रुपये.
* वस्तू परत न मागता दुसरी पाठवली : तोटा १४० रुपये.
* वस्तू परत न मागता पूर्ण पैसे परत केले : तोटा १६० रुपये.
* वस्तू परत आली, पण ती टाकून द्यावी लागली आणि पूर्ण पैसे परत केले : तोटा २२० रुपये.

यातून दोन गोष्टी दिसतात. वस्तू खरोखर तुटलेली किंवा सदोष असेल, तर ती परत मागवणे हाच विक्रेत्यासाठी सर्वांत महाग पर्याय ठरतो. त्यामुळे काही विक्रेते व मंच स्वस्त वस्तू परत न मागताच पैसे परत करतात. दुसरी गोष्ट अशी की, अशा एका तक्रारीचा तोटा भरून काढण्यासाठी त्याच वस्तूच्या ७ ते ११ निर्वेध विक्री व्हाव्या लागतात. लहान विक्रेता तक्रार नाकारण्याकडे का झुकतो, याचे कारण या हिशेबात आहे. दोष होण्यापूर्वीच टाळणे, म्हणजे चांगले वेष्टन, अचूक वर्णन व पाठवण्यापूर्वीची तपासणी, हे तक्रार निस्तरण्यापेक्षा स्वस्त का पडते, याचे उत्तरही त्यातच मिळते.

ग्राहकाच्या बाजूनेही असाच हिशेब असतो. दीडशे-दोनशे रुपयांसाठी छायाचित्रे काढणे, वारंवार संदेश पाठवणे, पार्सल पुन्हा बांधणे आणि पिकअपसाठी घरी थांबणे अनेकांना परवडत नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्या ग्राहकाचा अर्धा दिवस गेला, तर गेलेली मजुरी वस्तूच्या किमतीहून जास्त असू शकते. परिणामी बरेच ग्राहक तक्रार सोडून देतात आणि तोटा सोसतात. एकेका ग्राहकाचा तोटा लहान असला, तरी एकच सदोष वस्तू हजारो लोकांनी घेतलेली असल्यास विक्रेत्याला मिळालेला अनुचित लाभ मोठा असतो.

पार्श्वभूमी

भारतात मालाच्या खरेदी-विक्रीचा मूळ कायदा वस्तुविक्री अधिनियम, १९३० हा आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही अट या कायद्याने प्रत्येक विक्रीत गृहीत धरली आहे. खरेदीपूर्वी न पाहिलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. ऑनलाइन खरेदी ही छायाचित्र व वर्णन पाहून केलेली खरेदी असल्याने ही जुनी तत्त्वे तिला थेट लागू पडतात.

महाराष्ट्रात संघटित ग्राहक चळवळ ऑनलाइन व्यापाराच्या बऱ्याच आधीपासून सुरू झाली होती. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. २०१५ मध्ये त्यांत सुधारणा करून ई-वाणिज्याचा समावेश करण्यात आला. भारतात १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

१९८६ च्या कायद्यात ऑनलाइन व्यवहारांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने ‘ग्राहक’ या संज्ञेत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, दूरचित्रवाणीवरील विक्रीतून व थेट विक्रीतून खरेदी करणाऱ्यांचा स्पष्ट समावेश केला. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि ई-वाणिज्य नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले.

भारतातील कायदेशीर चौकट

*दोष व अनुचित व्यापारी प्रथा*

अधिनियमानुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष होय. या व्याख्येत किमतीची कोणतीही किमान मर्यादा नाही. ‘इतक्या कमी किमतीत याहून काय मिळणार’ हे विक्रेत्याचे नेहमीचे उत्तर कायद्याच्या कसोटीवर अपुरे ठरते. वस्तूकडून अपेक्षित टिकाऊपणा किंमत पाहून ठरवता येईल, पण जाहिरातीत दिलेले वर्णन खरे असलेच पाहिजे. स्टेनलेस स्टील म्हणून विकलेला चमचा गंजला, तर तो स्वस्त होता हा बचाव होऊ शकत नाही.

पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. सदोष माल परत घेण्यास आणि पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. पावतीवर अशी मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांची मुदत धरली जाते.

*ई-वाणिज्य नियमांतील कर्तव्ये*

प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद व संपर्काचा तपशील मंचावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्यात तिचे निवारण करावे, असे नियम सांगतात. बाजारपेठ प्रकारच्या मंचाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहकाला तिची स्थिती पाहता येईल. वस्तू परत करणे, पैसे परत मिळणे, बदली, हमी व वितरण यांची माहिती मंचाने खरेदीपूर्वीच द्यावी लागते.

मंचावरील विक्रेत्यावरही स्वतंत्र जबाबदारी आहे. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील गुणधर्मांशी न जुळणारी असल्यास, अथवा कळवलेल्या तारखेनंतर पोहोचल्यास, विक्रेता ती परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणांचा अपवाद आहे. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची परीक्षणे लिहिण्यास मनाई आहे. विक्रेत्यानेही तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असून त्याला ४८ तास व एक महिना या मुदती लागू आहेत.

केवळ मत बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र भारतीय कायद्यात नाही. ‘७ दिवसांत परत’ यांसारख्या सवलती मंचाच्या धोरणावर अवलंबून असतात. सदोष वस्तूबद्दलचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तर पसंत न पडलेल्या वस्तूबद्दलची सवलत विक्रेत्याने दिलेली असते. या दोहोंची गल्लत हे अनेक वादांचे मूळ आहे.

*वेष्टित वस्तूंवरील माहिती*

वैधमापनशास्त्र (वेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार १ जानेवारी २०१८ पासून कमाल किरकोळ किंमत, निव्वळ प्रमाण, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व ग्राहक सेवेचा तपशील ही माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावी लागते. अनेक स्वस्त आयात वस्तूंवर उत्पादकाचे नावच नसते. अशा वस्तूमुळे हानी झाली आणि उत्पादकाची ओळख पटत नसेल, तर २०१९ च्या अधिनियमातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार वस्तू विकणाऱ्यावर दायित्व येऊ शकते.

विक्रेत्याकडील हाताळणीचे टप्पे

तक्रार हाताळणीसाठी आयएसओ १०००२ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक उपलब्ध आहे. तक्रार करणे सोपे असावे, त्यासाठी शुल्क नसावे, प्रत्येक तक्रारीकडे निःपक्षपातीपणे पाहावे आणि तक्रारींतून सुधारणा व्हावी, ही त्यामागील तत्त्वे आहेत. लहान विक्रेत्याच्या पातळीवर ही प्रक्रिया पुढील टप्प्यांत मांडता येते.

# पोच : तक्रार मिळाल्याचे तत्काळ कळवणे, तक्रार क्रमांक देणे आणि पुढील उत्तर कधी मिळेल याची तारीख सांगणे. ग्राहकाचा रोष बहुधा दोषापेक्षा विक्रेत्याच्या मौनामुळे वाढतो.
# वर्गीकरण : तक्रार वस्तू न मिळाल्याची, चुकीची मिळाल्याची, तुटल्याची, सदोष असल्याची की नापसंतीची आहे, हे ठरवणे. इजा किंवा आगीचा धोका असलेली तक्रार इतरांपासून वेगळी काढून प्रथम हाती घेणे.
# पडताळणी : आवश्यक तेवढाच पुरावा मागणे. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एक-दोन छायाचित्रे पुरेशी असतात. अनेक अर्ज, ओळखपत्रे किंवा शपथपत्र मागणे हे तक्रार दडपण्यासारखेच ठरते.
# उपाय : दुरुस्ती, बदली, अंशतः किंवा पूर्ण परतावा यांपैकी पर्याय ग्राहकासमोर ठेवणे. किरकोळ दोष असल्यास वस्तू ग्राहकाकडेच ठेवून किमतीचा काही भाग परत करणे दोघांनाही सोयीचे ठरते, मात्र त्यासाठी ग्राहकाची संमती आवश्यक असते.
# पूर्तता : रक्कम कोणत्या खात्यात व कोणत्या तारखेला परत केली, हे कळवणे. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेला विक्रेता परत आलेल्या मालासाठी जमापत्र काढतो.
# नोंद व कारणशोध : तक्रारीची वस्तू, तुकडी, वेष्टन व कुरिअर यांनुसार नोंद ठेवणे. एकाच वस्तूविषयी वारंवार तक्रारी येत असल्यास तिची विक्री थांबवून कारण शोधणे.

उत्तराची भाषा हाही हाताळणीचाच भाग आहे. ग्राहकाचा प्रश्न न वाचता पाठवलेले साचेबद्ध उत्तर, किंवा ग्राहकानेच वस्तू मोडल्याचा पुराव्याविना केलेला आरोप यांमुळे लहान तक्रारीचे रूपांतर औपचारिक वादात होते. चूक विक्रेत्याची असल्यास ती स्पष्ट शब्दांत मान्य करून उपाय सांगणे आणि नकार द्यायचा असल्यास त्याचे कारण लेखी देणे अपेक्षित असते.

ग्राहकाने घ्यावयाची काळजी

तक्रारीचे यश मुख्यतः पुराव्यावर अवलंबून असते. पावती, मागणीचा क्रमांक, वस्तूच्या पानाचे पडद्यावरील छायाचित्र, पार्सलवरील चिठ्ठी आणि दोष दाखवणारी छायाचित्रे जपून ठेवणे उपयुक्त ठरते. विक्रीचे पान नंतर बदलले किंवा काढून टाकले जाऊ शकते, म्हणून खरेदीच्या वेळचे वर्णन जतन करण्याला विशेष महत्त्व आहे. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण वाद मिटवण्यास मदत करते. तथापि असे चित्रीकरण असल्याशिवाय तक्रार करता येणार नाही, अशी कोणतीही अट अधिनियमात नाही.

तक्रार दूरध्वनीऐवजी लेखी स्वरूपात करावी. वस्तू कोणती, दोष काय आणि मागणी काय, या तीन बाबी त्यात असाव्यात. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी मंचावर नोंद करणे सोयीचे असते. मात्र मंचाची मुदत संपल्याने ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क संपत नाही.

परताव्याच्या नावाखाली होणारी फसवणूक हा या क्षेत्रातील गंभीर धोका आहे. शोधयंत्रांवर ग्राहक सेवेचे खोटे क्रमांक पसरवून, ‘पैसे परत करतो’ असे सांगत ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला जातो. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या परताव्यापोटी बँक खाते रिकामे होऊ शकते. म्हणून संपर्क क्रमांक मंचाच्या अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्यावा आणि फसवणूक झाल्यास १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. घरपोच रोखीने पैसे देणाऱ्या ग्राहकांना परताव्यासाठी बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो, त्यामुळे त्यांनी अधिक सावध राहणे गरजेचे असते.

मंचाबाहेरील मार्ग

*राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन :* १९१५ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन दावा दाखल होण्यापूर्वीच्या टप्प्यावर काम करते आणि सहभागी कंपन्यांकडे तक्रार पाठवून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तरीही खर्च नसल्यामुळे स्वस्त वस्तूंच्या तक्रारींसाठी हा मार्ग व्यवहार्य मानला जातो.

*देयक सेवेकडील दाद :* कार्डाने पैसे भरले असल्यास वस्तू न मिळणे किंवा वर्णनाप्रमाणे नसणे या कारणासाठी कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत चार्जबॅक मागता येतो. यूपीआय व्यवहार तांत्रिक कारणाने फसणे आणि व्यवहार पूर्ण होऊन वस्तू सदोष निघणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात वाद विक्रेत्याशी असतो, बँकेशी नव्हे.

*जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग :* ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी कोणतेही शुल्क नाही. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीत व ग्राहक गडचिरोलीत असला, तरी ग्राहकाला दिल्लीला जावे लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीचीही तरतूद आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियम सांगतो.

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा तसेच नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. सहज ओळखता न येणाऱ्या मोठ्या संख्येच्या ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर विकलेल्या सदोष मालाच्या मूल्याच्या किमान २५ टक्के रक्कम भरण्याचा आदेश देता येतो. एकेकट्याने न परवडणाऱ्या लहान तक्रारींच्या दृष्टीने या तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत.

सुरक्षिततेशी संबंधित तक्रारी

वस्तूची किंमत आणि तिच्यापासून होऊ शकणारी हानी यांचे प्रमाण जुळत नाही. निकृष्ट चार्जरमुळे आग लागू शकते, खेळण्याचा सुटलेला लहान भाग बालकाच्या घशात अडकू शकतो. अशा तक्रारीत केवळ पैसे परत करून प्रकरण मिटवणे अपुरे असते, कारण तीच वस्तू इतर अनेक घरांत पोहोचलेली असते. विक्रेत्याने विक्री थांबवणे, मंचाला कळवणे आणि इतर खरेदीदारांना सावध करणे आवश्यक असते.

भारतात काही वस्तूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. खेळण्यांसाठी ही सक्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. मोबाइल चार्जर व पॉवर बँक यांना सक्तीची नोंदणी लागते. मोठ्या संख्येच्या ग्राहकांच्या हिताचा भंग झाल्यास कारवाई करण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचे आदेश देण्याचा अधिकार त्याला आहे. प्राधिकरणाने २०२२ मध्ये मानकांशी सुसंगत नसलेले घरगुती प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या विक्री मंचांविरुद्ध आदेश काढून, ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्यास व पैसे परत करण्यास सांगितले होते.

गैरवापर व परीक्षणांचा प्रश्न

तक्रार यंत्रणेचा गैरवापर दोन्ही बाजूंनी होतो. काही ग्राहक कपडे एकदा वापरून परत करतात, मूळ वस्तूऐवजी जुनी वस्तू पार्सलमध्ये घालतात किंवा वाईट परीक्षणाची धमकी देऊन सूट मागतात. अल्प नफ्यावर चालणाऱ्या घरगुती उद्योगाला आणि बचत गटाला असा तोटा सोसणे कठीण जाते. दुसरीकडे, काही विक्रेते परीक्षण काढून टाकण्याच्या अटीवरच पैसे परत करतात किंवा पार्सलमध्ये चिठ्ठी घालून चांगल्या परीक्षणाच्या बदल्यात रक्कम देऊ करतात.

परीक्षणांवर आधारलेला विश्वास ऑनलाइन व्यापाराच्या प्रारंभापासून महत्त्वाचा राहिला आहे. ईबे या लिलाव-मंचाने १९९६ मध्ये ग्राहक व विक्रेता यांनी एकमेकांविषयी अभिप्राय देण्याची पद्धत सुरू केली. नकारात्मक अभिप्रायाला विक्रेते सूडाने उत्तर देऊ लागल्याने २००८ मध्ये विक्रेत्यांचा ग्राहकांना नकारात्मक अभिप्राय देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. भारतात भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील रचनांना आळा घालण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. खोटी निकड दाखवणे, ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणे यांसह १३ प्रकार त्यांत नमूद आहेत.

इतर देशांतील व्यवस्था

युरोपीय संघात २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दूरस्थ खरेदीत ग्राहकाला कारण न देता १४ दिवसांत व्यवहारातून माघार घेता येते. सीलबंद आरोग्यविषयक वस्तू उघडल्यानंतर, तसेच मागणीनुसार बनवलेल्या वस्तूंसाठी अपवाद आहेत. युनायटेड किंग्डममध्ये ग्राहक हक्क अधिनियम, २०१५ नुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात.

कमी मूल्याच्या व मोठ्या संख्येच्या वादांसाठी ऑनलाइन विवाद निवारणाची कल्पना पुढे आली. १९९९ मध्ये ईबेवरील वादांसाठी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने ऑनलाइन मध्यस्थीचा प्रयोग करण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने २०१६ मध्ये या विषयावरील तांत्रिक टिपणे स्वीकारली. त्यांत वाटाघाटी, साहाय्यित तडजोड आणि अंतिम टप्पा अशा तीन पायऱ्या सुचवल्या आहेत. युरोपीय संघाने चालवलेला सामाईक ऑनलाइन विवाद निवारण मंच मात्र कमी वापरामुळे जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आला.

मर्यादा व टीका

भारतातील कायदेशीर हक्क विस्तृत असले, तरी स्वस्त वस्तूच्या ग्राहकाला त्यांचा लाभ घेणे अवघड जाते. आयोगासमोर शुल्क नसले, तरी कागदपत्रे तयार करणे व तारखांना उपस्थित राहणे यांत वेळ जातो आणि निकालाच्या मुदती नेहमी पाळल्या जात नाहीत. अनेक अ‍ॅपवर स्वयंचलित संभाषणातून माणसापर्यंत पोहोचणेच कठीण असते. मराठी किंवा अन्य भारतीय भाषांत तक्रार करण्याची सोय सर्वत्र नसल्याने इंग्रजी न जाणणारा ग्राहक मागे पडतो. समाजमाध्यमांवरील विक्रेता खाते बंद करून निघून गेल्यास त्याचा पत्ता मिळत नाही.

मंचाच्या जबाबदारीविषयीही मतभेद आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार मध्यस्थाला काही अटींवर दायित्वातून सूट मिळते. बाजारपेठ प्रकारचे मंच या तरतुदीचा आधार घेतात. जो मंच पैसे स्वीकारतो, माल साठवतो, पोहोचवतो आणि परताव्याचे नियम ठरवतो, त्याला निव्वळ मध्यस्थ म्हणता येणार नाही, असा प्रतिवाद ग्राहकांच्या बाजूने केला जातो. दुसऱ्या बाजूला, परताव्याचे धोरण मंच ठरवतो आणि तोटा विक्रेता सोसतो, अशी लहान विक्रेत्यांची तक्रार असते.

हेही पहा

* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* राष्ट्रीय ग्राहक दिन
* मुंबई ग्राहक पंचायत
* भारतीय मानक ब्यूरो
* ई-वाणिज्य